उन्हाळ्यात कॉम्प्युटरचे पंखे शांत कसे ठेवावेत? (घरच्या रेकॉर्डिंगसाठी)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी गंगाखेडची. अंध विद्यार्थ्यांसाठी दहावी-बारावीची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. काम घरीच, माडीवरच्या खोलीत चालतं. वर पत्रे आहेत, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये खोली किती तापते ते परभणी-नांदेडकडच्यांना वेगळं सांगायला नको. रेकॉर्डिंगच्या वेळी छताचा पंखा आणि कूलर दोन्ही बंद करावे लागतात. मग खोलीत एकच आवाज उरतो, कॉम्प्युटरचा, आणि नेमका तोच माईकमध्ये यायलाय.

थंडीत हा त्रास जवळजवळ नसतो. होळी झाली की घरघर सुरू. मधूनच आवाज एकदम चढतो आणि थोड्या वेळाने आपोआप उतरतो. ही मुलं सगळं कानांनीच समजून घेतात. भूमितीचं प्रमेय ऐकताना मागे असा चढउतार असला की एकेक वाक्य परत मागे नेऊन ऐकावं लागतं, असं त्यांच्याकडूनच कळलंय. सॉफ्टवेअरने आवाज कमी करून पाहिला, पण माझाच आवाज तुटक आणि घोगरा होतो.

मशीन असं आहे: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, त्याच्यासोबत खोक्यात आलेला कूलर (प्रोसेसरवर बसणारा, त्याला थंड ठेवणारा), बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, एक एसएसडी आणि एक जुनी १ टीबीची हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कॅबिनेटला पुढे काच, काचेमागे रंगीत दिव्यांचे तीन पंखे, मागच्या बाजूला एक. एका दुकानात सांगितलं की चारही पंखे काढा आणि नॉक्टुआ कंपनीचे टाका, विषय संपला. पैसे घालायची तयारी आहे, पण आधी समजून घ्यायचंय. शांत ठेवायच्या नादात कॉम्प्युटर जळायला नको.

रेणापूरकर

ताई, नॉक्टुआ कशाला? आर्क्टिक कंपनीचा पी१२ बघा, पीडब्ल्यूएम पीएसटी लिहिलेला. पीडब्ल्यूएम म्हणजे मदरबोर्डवरून वेग कमी-जास्त करता येणारा. नॉक्टुआच्या वरच्या मॉडेलपेक्षा हा पुष्कळ स्वस्त पडतो. पीएसटी म्हणजे एका पंख्याची वायर दुसऱ्याला जोडता येते, स्प्लिटर वेगळा घ्यावा लागत नाही. मी लातूरला खोली करून राहतो, एका खोलीत आम्ही तिघं. मी रात्री कॉम्प्युटरवर बसलो तरी बाकीचे दोघं निवांत झोपतात.

वाळूज_मेंटेनन्स

ताई, पंखा कोणता घ्यायचा हा शेवटचा प्रश्न आहे. आधी कोणता पंखा ओरडतोय ते शोधा. कॅबिनेट उघडा, कॉम्प्युटर चालू ठेवा आणि एकेका पंख्याच्या मधल्या गोल भागावर, जिथं स्टिकर असतो तिथं, बोट हलकं टेकवून तो क्षणभर थांबवा. पात्याला हात लावू नका. कोणता थांबल्यावर आवाज पडतो ते कान लगेच सांगतो. दहापैकी सात वेळा दोषी एकच निघतो आणि लोक मात्र चारही बदलून बसतात.

आता मूळ गणित. मी कारखान्यात ब्लोअर सांभाळतो, तिथले नियम या छोट्या पंख्यांनाही तेच. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, दाब चौथाई होतो आणि लागणारी वीज आठवा हिस्सा. आवाज मात्र त्याहून झपाट्याने पडतो. वेग निम्मा झाला की साधारण १५ डेसिबल कमी. १० डेसिबल कमी झालं की माणसाच्या कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे १५ हा किती मोठा फरक आहे ते बघा. उलट बाजूने, तसाच आणखी एक पंखा जोडला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून १२०० आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांचा, एक पंखा लावण्यापेक्षा ६०० चे दोन लावले तर मोकळ्या हवेत तेवढीच हवा मिळते आणि आवाज साधारण १२ डेसिबल कमी. मोठे आणि संथ पंखे. कंपनी कोणती, हे त्यानंतर.

तुम्हाला हवा किती लागते तेही काढू. ५६००जी हा ६५ वॅटचा प्रोसेसर. मदरबोर्ड, रॅम, डिस्क धरून आतली सगळी उष्णता सढळ हाताने १०० वॅट समजा. आत शिरणारी हवा १० अंशांनी तापून बाहेर पडावी असं ठरवलं, तर तासाला साधारण ३० घनमीटर हवा पुरते, म्हणजे १८ सीएफएम (मिनिटाला १८ घनफूट). १२० मिमीचा कुठलाही बरा पंखा पूर्ण वेगात ५० च्या पुढे देतो. जाळीमुळे त्यातली बरीच हवा अडते हे मान्य. तरी दोन पंखे निम्म्याहून कमी वेगात तुमचं काम करतील. पुढे तीन, मागे एक आणि चारही पूर्ण वेगात, एवढं तुमच्या मशीनला कधीच लागत नाही.

मोंढा_कॉम्प्युटर

नांदेडला रिपेअरिंगचं दुकान आहे. वरचं गणित बरोबर. त्यात इथल्या अनुभवाची भर घालतो.

एक. काचेमागचे ते रंगीत पंखे बऱ्याचदा थेट एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) चार पिनांच्या मोठ्या जोडावर, म्हणजे मोलेक्सवर लावलेले असतात. त्यांना कायम १२ व्होल्ट मिळतात आणि ते कायम पूर्ण वेगात फिरतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडतात ती मदरबोर्डची सेटिंग्ज) काहीही करा, फरक पडत नाही. काहींची सहा पिनांची वायर कॅबिनेटसोबतच्या हबला जाते, त्यांचंही तेच.

दोन. मदरबोर्डवर जोडलेला पंखा तीन पिनांचा असेल तर बायोसमध्ये त्या जोडाला डीसी निवडायचं, चार पिनांचा असेल तर पीडब्ल्यूएम. तीन पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम निवडलं की तो बेभान फिरत राहतो. माझ्याकडे "पंखा खराब झाला" म्हणून आलेल्या कितीतरी मशिनी एवढ्या एका सेटिंगवर शांत झाल्यात.

तीन. धूळ. मार्चपासून हरभऱ्या-गव्हाची मळणी, रानं उघडी, वरून वावटळी. आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, पट्ट्यांत जाऊन बसते. तुमचा आवाज होळीनंतर चढतो त्याला ऊन जेवढं कारण, तेवढीच ही धूळ. आधी साफ करून घ्या, पंख्यांचं मग बघू.

जालनेकर_स्टील

एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा बाजूचं झाकण काढून टाका आणि टेबल फॅन लावा. आमच्या ऑफिसात वर्षानुवर्षं असंच चालू आहे. आणि हो, प्रोसेसर ८० अंशांवर गेला की समजा संपला.

वाळूज_मेंटेनन्स

@जालनेकर_स्टील दादा, ऑफिसात चालेल, ताईंच्या खोलीत नाही. टेबल फॅनचा आवाज कॉम्प्युटरपेक्षा मोठा. झाकण काढलं की आतला आवाज अडवायलाही काही उरत नाही आणि धूळ थेट बोर्डावर.

८० अंशांचं मात्र नीट सांगायला हवं, कारण सगळ्या मराठवाड्याचा घोळ तिथंच होतो. ५६००जी ला एएमडीने ठरवलेली कमाल मर्यादा ९५ अंश आहे. त्याच्या जवळ गेला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, तरीही तापत राहिला तर मशीन बंद होतं. ८० ला तो जळत नाही.

दुसरं म्हणजे आपण यूट्यूबवर जी परीक्षणं बघतो त्यातल्या खोल्या २०-२५ अंशांच्या असतात. कूलर प्रोसेसरला ठरावीक आकड्यावर आणू शकत नाही. खोलीच्या हवेपेक्षा तो किती अंश वर राहील, एवढंच कूलरच्या हातात असतं. २४ अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर ६४ दाखवलं तर फरक ४० चा. गंगाखेडला माडीवर ४२ अंश असतील तर तोच कूलर, तोच पंखा, तोच वेग, आणि प्रोसेसर ८२ वर. काहीही बिघडलेलं नाही. पण बायोसमधला, किती तापमानाला पंखा किती वेगात फिरवायचा याचा, कंपनीने आखलेला आलेख साठी-सत्तरीतच पंखा पळवायला लागतो, कारण तो थंड खोली धरून आखलाय. तुमच्या होळीनंतरच्या घरघरीचं निम्मं कारण हेच.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅबिनेट उघडून बघितलं. पुढचे तिन्ही पंखे खरंच मोलेक्सवर आहेत. वाचताना मधूनच चढणारा आवाज मात्र प्रोसेसरवरच्या कूलरचा निघाला. बोट टेकवून पंखा थांबवताच खोली एकदम बदलली. आणखी एक बारीक गुणगुण राहते, ती पंख्यांची वाटत नाही. माझ्याकडे थर्मामीटर आहे, दुपारी खोलीत ४१ दाखवतो. नुसतं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालू असताना प्रोसेसर ५८ ते ६६ मध्ये खालीवर होत राहतो.

ध्वनिवेडा

संभाजीनगरला ध्वनिमुद्रणाचं काम करतो. ती बारीक गुणगुण हार्ड डिस्कची असणार. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, म्हणून १२० हर्ट्‌झचा सूर, आणि कॅबिनेटचा पत्रा तो आणखी मोठा करतो. डिस्क काढून बाहेरच्या केसमध्ये घाला, काम झाल्यावर जोडून फायली टाका. रेकॉर्डिंग एसएसडीवरच करा. पंखे बदलण्याआधीचा हा सगळ्यात स्वस्त उपाय.

आता पंख्यांबद्दल एक गोष्ट, जी पंख्याच्या खोक्यावर कुठंच छापलेली नसते. आवाज किती, याइतकंच तो कोणत्या पट्टीत आहे हे महत्त्वाचं. पंख्याचं प्रत्येक पातं एका ठिकाणावरून जाताना हवेला धक्का देतं, त्यातून एक सूर तयार होतो. हिशेब सोपा: सेकंदाचे फेरे गुणिले पात्यांची संख्या. नऊ पात्यांचा पंखा १२०० आरपीएमला फिरला तर २० गुणिले ९, म्हणजे १८० हर्ट्‌झ. बाईमाणसाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १६५ ते २५५ हर्ट्‌झमध्ये असतो. म्हणजे पंख्याचा सूर ताईंच्या आवाजाच्या आत जाऊन बसतो. सॉफ्टवेअरने तो काढायला गेलं की आवाजाचाही लचका तुटतो. ताई म्हणतात तो घोगरेपणा तिथून येतो.

खोक्यातला कूलर तर याहून त्रासदायक. त्याचा पंखा लहान, म्हणून उन्हात दोन-अडीच हजार आरपीएमपर्यंत जातो. सात पाती धरली तर २४०० ला २८० हर्ट्‌झ, आणि त्याच्या पटीतले वरचे सूर वेगळे.

उलट आर्क्टिक पी१२ ला पाच पाती आहेत. ७०० आरपीएमला त्याचा सूर ५८ हर्ट्‌झच्या आसपास पडतो. रेकॉर्डिंगमध्ये ८० हर्ट्‌झच्या खालचं सगळं कापणारा फिल्टर लावला तर तो सूर जातो आणि बाईच्या आवाजाला धक्का लागत नाही. उरते ती हवेची सळसळ. ती सपाट असते. सपाट आणि न बदलणारी सळसळ सॉफ्टवेअर बऱ्यापैकी स्वच्छ काढतं. चढउतार असला की त्याचा नमुना पकडता येत नाही.

म्हणून माझं ठाम मत: रेकॉर्डिंगच्या खोलीत पंखा थोडा वेगात असला तरी चालेल, पण त्याचा वेग बदलता कामा नये.

रेणापूरकर

@ध्वनिवेडा सर, हे पात्यांचं गणित पहिल्यांदाच वाचलं. मग खोक्यावरचे डेसिबलचे आकडे बघायचेच नाहीत का?

ध्वनिवेडा

एकाच कंपनीच्या दोन पंख्यांची तुलना करायला उपयोगी. दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवू नका, मोजायची पद्धत आणि अंतर सारखं असेलच असं नाही. शिवाय ते मोकळ्या हवेतले आकडे. पंख्यासमोर काच आली, बारीक भोकांची पत्र्याची जाळी आली, की हवा फाटते आणि तोच पंखा वेगळा वाजतो. नॉक्टुआच्या एनएफ-ए१२ बाय २५ ला कंपनी २००० आरपीएमवर २२.६ डेसिबल सांगते. तुमच्या काचेमागे बसवल्यावर तो आकडा राहणार नाही.

मोंढा_कॉम्प्युटर

काचेचं बरोबर बोललात. पुढून काच असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा बाजूच्या बोटभर फटीतून ओढली जाते. एक प्रयोग करा ताई. पुढचा सगळा भाग बहुतेक कॅबिनेटमध्ये खालून ओढला की निघतो. तो काढून बघा, आवाज आणि तापमान दोन्ही उतरले तर तुम्हाला पंख्यापेक्षा जाळीदार कॅबिनेटची गरज आहे.

नॉक्टुआबद्दल माझं मत: पंखा उत्तम, यात शंका नाही. ऑस्ट्रियाची कंपनी, सहा वर्षांची वॉरंटी, त्या ए१२ मध्ये पातं आणि चौकट यांच्यातलं अंतर अर्धा मिलिमीटर. पात्याचं प्लास्टिक उष्णतेने ताणलं गेलं तर ते घासेल, म्हणून खास प्लास्टिक वापरलंय, आणि ते महाग पडतं. रेडिएटर (पाण्यावर चालणाऱ्या कूलरची जाळी) किंवा दाट हीटसिंकवर हवा दाबायची असेल तर त्या पैशाचं सोनं होतं. कॅबिनेटमधून हवा नुसती फिरवायला तेवढा खर्च नको.

बेअरिंग मात्र बघून घ्या. स्वस्त पंख्यात स्लीव्ह बेअरिंग असतं. त्यातलं वंगण उष्णतेने आटतं आणि पंखा खरखरायला लागतो, आडवा बसवला तर आणखी लवकर. आपल्याकडे वर्षातले तीन-चार महिने कॅबिनेटच्या आतली हवा पन्नासला टेकते, तेव्हा फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगचाच घ्या. बॉल बेअरिंग टिकतं चांगलं, पण त्याची बारीक खर्रर्र असते, माईकला नको.

वाळूज_मेंटेनन्स

ताई, तुमच्या आकड्यांवरून माझा सल्ला असा.

खोक्यातला कूलर काढा आणि १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर, म्हणजे उंच उभ्या हीटसिंकचा कूलर, लावा. डीपकूल एजी४०० किंवा थर्मलराइट असॅसिन एक्स १२०, दोन्हींना चार हीटपाइप (उष्णता वर वाहून नेणाऱ्या नळ्या) आहेत आणि ६५ वॅटला ते भरपूर झाले. उंची १५० मिमीच्या आसपास असते, कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे का ते आधी मोजा. सगळ्यात मोठा फरक इथंच पडेल. कॅबिनेटच्या पंख्यांचं दुय्यम.

जुना कूलर काढताना एक काळजी घ्या, आणि हे ज्याच्या हातून करून घ्याल त्यालाही सांगा. या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि वाळलेल्या थर्मल पेस्टने (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता नेण्यासाठी लावतात तो लेप) तो कूलरला चिकटलेला असतो. सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्यायची, बंद करून वायर काढायची, स्क्रू सोडवायचे आणि कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत सैल करायचा. मगच उचलायचा.

मग बायोस. असूस असेल तर क्यू-फॅन, गिगाबाइट असेल तर स्मार्ट फॅन. आलेख सपाट करा: ७० अंशांपर्यंत पंखा ३५ टक्क्यांवर, तिथून चढत ८५ ला ७० टक्के, ९० ला पूर्ण. रेकॉर्डिंग करताना प्रोसेसरवर भार नसतो, ४१ च्या खोलीतही टॉवर कूलर त्याला सत्तरीखाली ठेवील. म्हणजे तुम्ही वाचत असाल तेव्हा पंखा एकाच वेगात, ध्वनिवेडा म्हणतात तसा. रायझनचं तापमान क्षणात आठ-दहा अंश उडी मारतं आणि लगेच खाली येतं, त्या प्रत्येक उडीमागे पंखा धावतो. त्यावर बायोसमध्ये विलंबाचं सेटिंग असतं, वेग वाढण्याआधी काही सेकंद थांबायचं. जास्तीत जास्त देतील तेवढा विलंब ठेवा. हीटसिंकमध्ये तेवढ्या वेळची उष्णता आरामात मावते. बायोस अवघड वाटलं तर विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात हेच बोटाने ओढून आखता येतं.

शेवटचं, पूर्णपणे फुकट: तुमच्या प्रोसेसरला एएमडीनेच ४५ वॅटची मुभा दिली आहे. बायोसमध्ये सीटीडीपी किंवा इको मोड या नावाने सापडेल. आवाज रेकॉर्ड करायला आणि कापाकापी करायला काही फरक जाणवणार नाही, उष्णता मात्र थेट कमी.

रेणापूरकर

आणि पुढचे तीन?

वाळूज_मेंटेनन्स

तिन्ही मोलेक्सवरून काढायचे. पुढे दोन नवे, खाली आणि मध्ये, मागचा राहू द्यायचा. नवे दोन मदरबोर्डच्या एकाच जोडावर चालतील. एका जोडातून साधारण १ अँपिअर मिळतो, असा पंखा ०.१ ते ०.३ खातो. कॅबिनेटमध्ये १४० मिमी बसत असतील तर १४० च घ्या, तेवढ्याच हवेसाठी आणखी संथ फिरतात. पुढच्या पंख्यांच्या पुढे जाळी हवी आणि आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त हवी, म्हणजे फटीफटीतून धूळ ओढली जात नाही. दोन आत, एक बाहेर, सारख्या वेगात: बरोबर बसतं.

जालनेकर_स्टील

बरीच माहिती मिळाली. मी आजवर ८० दिसलं की घाबरून मशीन बंद करत होतो. एक शंका, इन्व्हर्टरवर असताना आमच्या छताचा पंखा घुं घुं करतो. कॉम्प्युटरचे पंखेही तसेच करतील का?

मोंढा_कॉम्प्युटर

नाही. छताच्या पंख्याला थेट एसी मिळते. इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असेल तर मोटर गुणगुणते. कॉम्प्युटरच्या पंख्याला एसएमपीएसमधून निघालेले १२ व्होल्ट डीसी मिळतात, लाट कशी का असेना. एसएमपीएस स्वतः मात्र चौकोनी लाटेवर कुरकुरू शकतो, चांगल्या प्रतीचे काही तर बंदही पडतात. लोडशेडिंगमध्ये रेकॉर्डिंग करायचं असेल तर प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागेल.

ध्वनिवेडा

ताई, पंखे येईपर्यंत एक करा. तुमचा माईक समोरून ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड असेल तर त्याची पाठ जवळपास बहिरी असते. कॅबिनेट बरोबर माईकच्या पाठीमागे येईल असं बसा. अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल कमी होतात. खोलीत भिंतींमुळे तेवढे नाही, पण फरक पडतो. टेबलावरचं कॅबिनेट खाली ठेवा, खाली जाड रबर किंवा घोंगडीची घडी, म्हणजे थरथर टेबलातून माईकच्या स्टँडपर्यंत पोचत नाही. घडी कडेला ठेवा, खालची जाळी झाकली जाऊ देऊ नका. शेजारी खोली असेल तर भिंतीला भोक पाडून कॅबिनेटच पलीकडे ठेवता येतं. यूएसबी २ ची वायर ५ मीटरपर्यंत नीट चालते, तेवढी पुरावी.

गोदाकाठ

शेजारच्या खोलीत धान्याची पोती आणि कोठ्या आहेत, तिथं धूळ आणि भुंगे. नको वाटतं.

बाकी बरंच झालं. परभणीहून टॉवर कूलर आणि दोन आर्क्टिक पी१४ आणले, मोंढा दादांच्या ओळखीतल्या एका मुलाने बसवून दिले. पुढच्या काचेच्या जागी जाळी बसवून घेतली. डिस्क बाहेर काढली. ४५ वॅट केलं. काल भर दुपारी खोलीत ४२ असताना एक अख्खा धडा वाचला. प्रोसेसर ५५ ते ६१ मध्ये राहिला आणि पंख्याचा वेग एकदाही हलला नाही. कान दिला तर हवेची सळसळ येते. ८० हर्ट्‌झचा फिल्टर आणि थोडी साफसफाई केल्यावर तीही जवळजवळ गेली, आणि माझा आवाज माझाच राहिला. दोन मुलांना पाठवलं, त्यांनी ऐकून कळवलं की आता वेग दीडपट करूनही शब्द स्वच्छ येतात. ती मुलं दीडपट-दुप्पट वेगानेच ऐकतात, त्यामुळे मला याचं फार समाधान आहे.

एक राहिलं. दोन प्रकरणांच्या मध्ये मी खोलीतला पाण्याचा कूलर लावते, तो कॉम्प्युटरच्या दिशेनेच आहे. चालेल का?

मोंढा_कॉम्प्युटर

तोंड फिरवा. ओल्या हवेने पाणी साचत नाही, कारण आतले भाग हवेपेक्षा गरमच असतात. पण वेगात असताना कूलर बारीक तुषार फेकतो आणि आपल्या बोअरचं पाणी जड. ते क्षार बोर्डावर वाळतात, वर धूळ बसली की थर होतो. कूलर खिडकीत, कॅबिनेट त्याच्या रेषेबाहेर.

सेलूचा_जिनिंगवाला

धागा वाचून लिहायलोय. आमचं ऑफिस जिनिंगच्या आवारातच. कापसाचा हंगाम सुरू झाला की कॉम्प्युटरचे पंखे आठवड्याभरात रुईने भरतात, जाळ्या तर पांढऱ्या होतात. आवाज वाढतो, मग बंद पडतात. शांत पंखा हवाय, पण जाळी ठेवली तर गुदमरतो आणि काढली तर भरतो. काय करावं?

वाळूज_मेंटेनन्स

तुमच्याकडे रुई आणि धूळ वेगळ्या अडवाव्या लागतील. कॅबिनेटच्या पुढे चार बोटं अंतर सोडून लाकडी चौकटीवर डासांची जाळी ताणून लावा, चौकट कॅबिनेटच्या पुढच्या भागापेक्षा चांगली मोठी. क्षेत्रफळ मोठं असल्यामुळे हवा तिच्यातून संथ जाते, रुई जाळीवरच धरते आणि पंख्यावर दाब येत नाही. रोज सकाळी हाताने पुसली की स्वच्छ. आतली बारीक जाळी धुळीसाठी तशीच राहू द्या. पंखा दाब चांगला देणारा घ्या, पी१२ किंवा पी१४ त्याच जातीचे आहेत. भोकं मोठी दिसतात म्हणून कापड लावू नका, कापडाने हवा पार कोंडते.

मोंढा_कॉम्प्युटर

आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. जिनिंगचा कॉम्प्रेसर हाताशी असतो म्हणून लोक तोच लावतात. त्या दाबाने पंखा त्याच्या ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे फिरतो, बेअरिंग जातं, आणि फिरणारी मोटर उलटी वीज तयार करून बोर्डावर पाठवते. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणीही साचलेलं असतं. साधा हातातला ब्लोअर घ्या, मशीन अंगणात न्या, मऊ ब्रशने हीटसिंकच्या पट्ट्या मोकळ्या करा. एसएमपीएस उघडू नका, बाहेरूनच हवा मारा, त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज राहिलेली असते. हंगामात हे पंधरा दिवसांनी, एरवी दिवाळीला आणि होळीला.

सेलूचा_जिनिंगवाला

चौकट उद्याच सुताराकडून करून घेतो. डासांची जाळी नायलॉनची घेऊ की तारेची?

वाळूज_मेंटेनन्स

नायलॉनची. तारेच्या जाळीत रुईचे धागे अडकून बसतात, नायलॉनवरून हात फिरवला की निघतात.